शेपूट बरं झालं की सांगते

"आहे का कुणी, की जाऊ?"

दारावरची बेल न वाजवता, आमच्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून, आधी एकदा घसा खाकरायचा आणि मग हे वाक्य म्हणायचं, असं करणारा माणूस आमच्या इमारतीत एकच होता. तळमजल्यावरचे काका. बेल वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. "बेल म्हणजे हुकूम झाला. आतला माणूस अंगाला साबण लावून उभा असला तरी धावत येतो. मी आपला विचारतो. उत्तर आलं तर थांबतो, नाही आलं तर जातो." आणि ते खरोखरच जात. कुकरची शिट्टी नेमकी त्याच क्षणी झाली म्हणून ते परत गेल्याचं मला किमान चारदा आठवतं. मी हात पुसत दार उघडेपर्यंत त्यांच्या चपला पहिल्या मजल्यावर पोचलेल्या असत. वरून हाक मारली तर खालून उत्तर येई, "आता राहू दे. काय विचारायचं होतं ते जिन्यात सांडलं."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांची पंचाहत्तरी झाली तेव्हा सोसायटीनं हौसेनं नोटीस बोर्डावर अभिनंदनाचा कागद लावला होता. काकांनी तो अर्ध्या तासात उतरवला आणि टाचण्यांसकट सेक्रेटरींच्या हातात ठेवला. "बोर्डावर नाव एक तर गच्चीतला नळ उघडा ठेवणाऱ्याचं लागतं, नाही तर गेलेल्याचं. मी अजून दोन्हींत नाही."

चाळीस वर्षं त्यांनी रॅकेटची जाळी भरून दिली. बॅडमिंटनच्या रॅकेटची जाळी तुटली की नवी ओवायची, हवा तेवढा ताण द्यायचा, गाठ मारायची. बॅटच्या मुठींना दोरा गुंडाळायचं कामही करत. सदाशिव पेठेतल्या एका बोळात दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. ते स्वतः, ताण द्यायचं यंत्र आणि गिऱ्हाईक या तिघांपैकी कुठलेही दोनच तिथे मावत. कुणी जास्त ताण मागितला की आधी त्याचं मनगट बघायला मागायचे. कॉलेजातल्या एका मोठ्या खेळाडूला म्हणाले होते, "एवढा ताण रॅकेटला झेपेल, तुम्हाला झेपणार नाही. आधी खेळ वाढवा." तो चिडून दुसऱ्या दुकानात गेला आणि पंधरा दिवसांनी सुजलेलं कोपर घेऊन परत आला. काकांनी काही न बोलता रॅकेट घेतली, जाळी सैल करून दिली, आणि जाताना एवढंच म्हणाले, "कोपर मात्र मी भरून देत नाही."

गुडघे गेले तसं दुकान बंद झालं, पण बोटांची सवय राहिली. गच्चीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ते जाता-येता अंगठ्यानं छेडून बघत आणि कान देत. माझ्या दोरीचा आवाज त्यांना कधीच पसंत पडला नाही. "ताई, तुमची दोरी रडते." एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवशी आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांशी अक्षर न बोलता जिना उतरत होतो. काका दारात उभे होते. त्यांनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "जास्त ताणलं गेलंय. आजचा दिवस कुणी हात लावू नका, उद्या आपोआप उतरेल." उतरलं.

आता कुत्र्याकडे येते.

आमच्या कुत्र्याचं नाव शेवग्या. माझ्या मुलीला, सईला, तो मंडईच्या मागे शेवग्याच्या शेंगांच्या रिकाम्या पोत्यावर सापडला. तेव्हा कुत्रा मुठीएवढा होता आणि शेपूट वीतभर. आई तिथलीच, गावठी. वडील बहुधा कुठल्यातरी बंगल्यातले. पुढे कुत्रा वाढला, पण शेपटानं आपली आघाडी सोडली नाही. लांब, बारीक, टणक. शेंगच. त्यात स्वभाव आनंदी. दूधवाला आला, आनंद. गॅसवाला आला, आनंद. मी ऑफिसला निघून डबा विसरले म्हणून दोन मिनिटांत परत आले, तरी वर्षांनी भेटल्यासारखा आनंद. एवढ्या आनंदाला आमच्या घरात जागा नाही. दारातून आत आलं की अरुंद बोळ, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला चपलांचं लाकडी कपाट. कपाट मी पसंत केलं होतं. त्याचे कोपरे धारदार आहेत असं नवरा तेव्हाच म्हणाला होता. पुढे महिनाभर त्यानं ते रोज ऐकवलं, म्हणून इथे नमूद करते.

भाऊबीजेला माझा भाऊ आणि भावजय आले. शेवग्या बोळात उभा राहून त्यांचं स्वागत करत होता. थोड्या वेळानं भावजयीच्या मोतिया साडीवर लाल ठिपके दिसले. मग भिंतीवर. मग फ्रिजवर. एक ठिपका, खोटं सांगत नाही, छताला. शेपटाचं टोक कपाटावर आपटून आपटून फुटलं होतं आणि कुत्र्याला त्याचा पत्ता नव्हता. पाहुणे आले या खुशीत तो घरभर रक्ताचा सडा घालत फिरत होता.

घाबरले की मी हळद काढते. भाजलं, हळद. कापलं, हळद. टोकावर चिमूटभर हळद दाबली, त्यावर सईचा शाळेतला जुना मोजा चढवला आणि तो निसटू नये म्हणून वर करकचून रबरबँड लावला. शेवग्यानं दोनदा शेपूट झटकलं. रबरबँड तिथेच राहिला, मोजा त्याच्याखालून निसटून भावाच्या ताटात जाऊन पडला आणि भिंतीवर हळदीकुंकवाचा कार्यक्रम झाला.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांनी आधी रबरबँडकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, अजून एक दिवस हा राहिला असता तर टोक आपोआपच गळून पडलं असतं. शिकलेल्या दिसता." त्यांनी जखम धुतली, मलम दिलं, बँडेज बांधलं, कुत्र्यानं चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं अडकवलं. म्हणाले, शेपटाची जखम चिवट असते, कारण ते स्वस्थ बसत नाही. तीन आठवडे बँडेज टिकलं पाहिजे. सारखं फुटत राहिलं तर टोक कापावं लागेल. टोक म्हणजे किती, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. चांगलं अर्धं शेपूट होतं. सई रिक्षात घरापर्यंत रडत आली. शेवग्या रिक्षावाल्यावर खूश होता. आम्ही उतरलो तेव्हा बँडेज रिक्षातच राहिलं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जिन्यात घसा खाकरला.

"आहे का कुणी, की जाऊ?"

"आहे आहे, काका! थांबा!"

"जिन्यात रक्ताचे थेंब आहेत. तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत. म्हटलं विचारून यावं, घरातली माणसं मोजून बरोबर आहेत ना?"

मी शेपूट दाखवलं. ते वाकले. दोन्ही गुडघ्यांनी आवाज केला. मग कुत्र्याला म्हणाले, "आपण जरा बसता का?"

शेवग्या बसला. आमच्या घरात त्याला आजवर कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं. खरं तर कुणालाच म्हटलं नव्हतं. पुढे सईनं विचारलं, "काका, तुम्ही कुत्र्याला अहो-जाहो का करता?" तर म्हणाले, "ज्याच्या दुखऱ्या भागाला हात लावायचा, त्याला अरे-तुरे करू नये."

खाली जाऊन ते एक पत्र्याचा डबा घेऊन आले. जखम धुऊन झाल्यावर डॉक्टरांचं मलम लावलेली जाळीची पट्टी टोकावर ठेवली, तिच्यावर कापूस, आणि मग बँडेज. टोकाकडून वर, तिरकं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, बॅटच्या मुठीला गुंडाळायचे तसं. मध्येच थोडे केस वेढ्यात धरायचे, म्हणजे पट्टी सरकत नाही. शेवटच्या वेढ्याखाली त्यांनी करंगळीचं नख घालून बघितलं. "नख गेलं पाहिजे, बोट जाता कामा नये. जास्त आवळलं तर टोक मरतं, कमी पडलं तर सुटतं. मधलं जे असतं ना ताई, ते बोटाला कळतं. डोक्याला विचारत बसू नका."

मग डब्यातून त्यांनी एक पुठ्ठ्याची नळी काढली. बॅडमिंटनची फुलं ज्यात येतात ती. अर्धी कापलेली, आतून स्पंज लावलेला, हवा खेळायला दाभणानं भोकं पाडलेली. ती अलगद शेपटावर चढवली, वर चिकटपट्टीनं धरली, आणि मागे सरून नीट बघितलं.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घालायची म्हण आहे," ते म्हणाले. "आजवर कुणी घालून बघितलं नव्हतं, नुसते बोलत होते."

जाताना त्यांनी कपाटाच्या कोपऱ्यांवरही स्पंज चिकटवला. नवरा म्हणाला, "मी तेव्हाच म्हणालो होतो." काका म्हणाले, "तेव्हाच स्पंज आणला असतात तर म्हणावं लागलं नसतं."

तेव्हापासून रोज सात वाजता ते येऊ लागले. दोन मजले, ते गुडघे, तो डबा. चहा विचारला तर, "आत्ता हात शेपटाचे आहेत." हात धुऊन झाल्यावर विचारला तर, "आता चहाची वेळ गेली." मी आग्रह केला नाही. म्हटलं, करू कधीतरी. बँडेज बदलताना ते शेवग्याशी बोलत. काय बोलत ते ऐकू येत नसे, पण तो मान तिरकी करून सगळं ऐके. एरवी औषधाची बाटली दिसली की पलंगाखाली जाणारा कुत्रा सात वाजायच्या आधीपासून दाराशी बसू लागला.

इथेच घोटाळा झाला.

काकांचं बँडेज दिवसभर टिके. रात्रभर टिके. पहाटेपर्यंत जखम कोरडी. आणि सातला जिन्यात घसा खाकरला की शेवग्याच्या अंगात यायचं. 'आहे का कुणी' म्हणेपर्यंत नळी कपाटावर ढोलकीसारखी वाजू लागे आणि 'की जाऊ' ला ती निसटून स्वयंपाकघरात जाई. मग काका आत येणार, रक्त बघणार, "अरेरे, आज पुन्हा?" म्हणून खाली बसणार, तासभर खपून नवं बँडेज करणार. ज्याला बांधता येत होतं त्याच्याच येण्यानं ते सुटत होतं. आम्हाला हे कळायला नऊ दिवस लागले. घरात दोन पदवीधर आहेत.

कळलं तेही आमचं आम्हाला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "बँडेज कोण करतं?"

"आमचे खालचे काका."

"फार सुरेख करतात. माझ्याकडचा माणूस शिकायला पाठवतो. मग फुटतं कधी?"

सईनं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "कुत्र्याला जे बघून सगळ्यात जास्त आनंद होतो, ते तीन आठवडे बंद करा. आता आणखी एकदा फुटलं तर मी थांबणार नाही, कापेन."

काकांना हे सांगायचं काम घरातल्या मोठ्या माणसाकडे आलं. मोठं माणूस म्हणजे मी, हे अशा वेळी नवऱ्याला एकदम पटतं. मी वाटीभर गाजराचा हलवा केला. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, हे माझ्या आईनं मला इतकं शिकवलं आहे की मी शेजारी भांडायला गेले तरी हातात कोथिंबीर असते.

काकांनी दार उघडलं. मी हवेबद्दल बोलले. गुडघ्यांबद्दल बोलले. पाण्याच्या टाकीबद्दलही बोलले. ते वाटीकडे बघत उभे होते.

"ताई, हलव्याच्या खाली काय आहे ते सांगा."

मी सांगितलं. सांगताना तीनदा 'तसं नाही हो' म्हणाले.

"म्हणजे मी न येणं हे औषध आहे."

"तसं नाही हो काका…"

"तसंच आहे, आणि बरोबर आहे. जाळी भरली की चार तास तिला हात लावायचा नसतो. गिऱ्हाइकाला ते जमत नाही, लगेच छेडून बघतो. मीच गिऱ्हाइकासारखा वागलो." मग वाटी टेबलावर ठेवून म्हणाले, "वर जा आणि लाटणं घेऊन या."

त्या दुपारी मी काकांच्या टेबलाशी बसून लाटण्याला बँडेज बांधायला शिकले. अकरा वेळा बांधलं. "हे बांधलंत की आवळलंत?" "हे लाटणं आहे म्हणून गप्प आहे." "ताई, तुमच्या दोरीला काय होतं ते आज मला कळलं." शेवटी अकराव्या वेळी त्यांनी वेढ्याखाली नख घातलं, गेलं, बोट घातलं, गेलं नाही. त्यांनी लाटणं माझ्या हातात दिलं.

"जमलं. आता माझं काही काम नाही."

ते वाक्य मला बोचलं. मी घाईनं म्हणाले, "असं काय म्हणता काका! शेपूट बरं झालं की मी स्वतः खाली येऊन सांगते. मग रोज या."

"सांगा," ते म्हणाले. "सांगितल्याशिवाय येणार नाही."

यात काही टोमणा नव्हता. आता कळतं. तेव्हा मात्र मी जिना चढता चढता त्या वाक्याला उलटं-सुलटं करून बघत होते, कारण आमच्या गावात 'येणार नाही' हे साधेपणानं म्हणता येतं यावर माझा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी काकांची जिन्याकडची खिडकी बंद झाली. उन्हाळा-पावसाळा उघडी असणारी खिडकी. शेवग्याला फिरायला खाली नेलं की पूर्वी ते दारात असत. आता दार लावलेलं. घसा खाकरणं थांबलं. सकाळी दूध आणायला ते पुढच्या फाटकानं न जाता पार्किंगच्या मागून, गाड्या आणि भिंत यांच्या फटीतून तिरके होत जाऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मला गच्चीत म्हणाल्या, "काय बोललात हो तुम्ही काकांना? दुखावलेत ते. मागच्या बाजूनं जातात, तुमचं तोंड बघायला नको म्हणून."

"मी काही वाईट बोलले नाही," मी म्हणाले. आणि मग मलाच थोडा राग आला. एवढं काय ते! कुत्र्याच्या भल्यासाठीच बोलले ना? हलवा घेऊन गेले होते ना? वाटी अजून आली नव्हती. नंतर आली, घासून, दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवलेली, आत खडीसाखरेचे चार खडे. न विचारता, न खाकरता. वहिनी म्हणाल्या, "बघा, दार वाजवायची सुद्धा इच्छा नाही." मलाही ते पटलं. ज्या माणसानं आयुष्यात बेल वाजवली नाही, त्यानं बेल वाजवली नाही याचा मी राग धरला.

शेपूट बरं झालं. डिसेंबरच्या मध्यावर खपली पडली, खाली गुलाबी कातडी आली. टोकावर बोराएवढ्या जागेत केस मात्र आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, राहू दे, ओळखीची खूण. सई त्याच संध्याकाळी म्हणाली, "आई, मी खाली जाऊन काकांना सांगून येते."

"थांब," मी म्हणाले. "मी सांगते म्हटलंय, मीच जाईन. आणि अशी रिकामी कशी जाऊ? आधीच रागावलेत."

हे माझं वाक्य. ते मी नंतर पुष्कळदा ऐकलं आहे.

संक्रांत जवळ होती. म्हटलं, गूळपोळ्या करीन आणि तिळगुळाचं निमित्त करून जाईन. तिळगूळ हातात असला की रुसलेल्या माणसालाही बोलावं लागतं. पोळ्या केल्या. सगळ्या फुटल्या. गूळ तव्यावर, पोळी हातात. वेढ्याखाली नख घालून बघणाऱ्या माणसाला फुटक्या पोळ्या कशा द्यायच्या? पुढच्या वेळी. मग ऑफिसात कामाचा डोंगर. मग सईची परीक्षा. मग ठरवलं, होळीला पुरणपोळी. ती मला बरी येते. मधल्या काळात एकदा मी जिन्यात त्यांच्या दारासमोर थांबलेही होते. आत रेडिओ लागलेला. हातात शेवग्याच्या साखळीशिवाय काही नव्हतं. साखळी ओढली गेली आणि मी निघाले. दार उघडायला एक शब्द लागला असता.

होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही गॅलरीत होतो. खाली फाटकाशी रिक्षा उभी राहिली. काकांची नाशिकची मुलगी न्यायला आली होती. गुडघ्यांचं काही करायचं होतं म्हणे. काका हळूहळू बाहेर आले, हातात तो पत्र्याचा डबा. रिक्षात बसण्याआधी त्यांनी वर बघितलं. शेवग्या कठड्याच्या गजांतून डोकं बाहेर काढून उभा होता. मी हात वर करणार, तेवढ्यात त्यांनी झटकन मान फिरवली आणि आत बसले.

"बघितलंस?" मी नवऱ्याला म्हणाले. "अजून राग गेलेला नाही."

"पाडव्याला येतील परत, तेव्हा सांग," नवरा म्हणाला. फोन नंबर होता. पण ही काय फोनवर सांगायची गोष्ट आहे, असं मला वाटलं. पाडव्याचं श्रीखंड बरं झालं होतं. काका आले नाहीत. आंब्याच्या दिवसांत येतील असं कुणीतरी म्हणालं.

श्रावणात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. मी ऑफिसात होते. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, मीही टाकलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा नोटीस बोर्डावर त्यांचं नाव लागलं होतं. चार टाचण्या. काढायला कुणी आलं नाही.

त्या रात्री मी जेवताना म्हणाले, "शेवटपर्यंत बोलले नाहीत बघ." सईनं ताटावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ताटात बघितलं.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. जिन्यात कुणीतरी घसा खाकरला.

"आहे का कुणी, की जाऊ?"

बाईचा आवाज होता. पण शेवग्याला तेवढा फरक पुरला नाही. टेबलाखालून तो उठला, फरशीवर दोनदा घसरला आणि बोळात धावला. मी पिठाच्या हातानं मागे. दार उघडायच्या आधी मी सवयीनं भिंतीकडे बघितलं. भिंत स्वच्छ होती.

दारात काकांची मुलगी उभी होती. तेच कपाळ. हातात कापडी पिशवी. "घर आवरायला आलेय. बेल वाजवणार होते, पण बाबांच्या जिन्यात बेल वाजवायला हात धजला नाही." ती हसली. "हे तुमचं आहे, म्हणून आणलं."

पिशवीत नळ्या होत्या. पुठ्ठ्याच्या, कापलेल्या, भोकं पाडलेल्या, आतून स्पंज. आठ-दहा तरी असतील. एकीपेक्षा एक थोडी आखूड. प्रत्येकीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सूज उतरल्यावर', 'खपली धरल्यावर', 'शेवटची'.

"नाशिकला सुद्धा करत बसायचे," ती म्हणाली. "मी म्हणायचे, बाबा, किती महिने झाले, बरं झालं असेल हो ते शेपूट. तर म्हणायचे, झालेलं नाही. झालं असतं तर ताईंनी सांगितलं असतं. सांगते म्हणाल्यात."

मी दाराची चौकट धरली. चौकटीला पीठ लागलं.

"निघाले त्या दिवशी हा गॅलरीत होता ना? त्यांना फार वाटत होतं वर नीट बघावं. पण रिक्षात मला म्हणाले, बरं झालं मान फिरवली, नाही तर त्यानं ओळखलं असतं आणि पुन्हा फुटलं असतं. मागच्या बाजूनं जायचे ना ते, गाड्यांमधून? मी फोनवर रागवायचे, पडाल म्हणून. म्हणायचे, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

शेवग्यानं तिचे हात हुंगले, पिशवी हुंगली, पुन्हा हात हुंगले. शेपूट कपाटाच्या स्पंजावर वाजत होतं, धप धप धप. ती खाली बसली. तिच्या वडिलांसारखीच, एक हात जमिनीला टेकून. तिनं ते शेपूट अलगद हातात धरलं आणि टोकावरच्या गुलाबी ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"अगंबाई, झालं की छान बरं," ती म्हणाली. "कधी झालं?"

पोळी तव्यावर करपल्याचा वास येत होता.

"आत या ना," मी म्हणाले. "चहा टाकते."